‘नाटक चोरलं’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचा आक्षेप असा : झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, एका नाटक कंपनीसाठी लिहिलेल्या नाटकाच्या संहितेची झेरॉक्स काढून दुसरे लोक परस्पर प्रयोग लावतात. ही सरळ चोरी आहे, आणि तिला ‘कॉपीराइटचं उल्लंघन’ म्हणून मी चोरांना मवाळ शब्द पुरवतो.

मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, तिकीट लावून असा प्रयोग करणं गुन्हाच आहे. जाणूनबुजून केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. शब्द मवाळ झाला म्हणून शिक्षा मवाळ होत नाही. चोरीचं कलम मात्र वेगळं, भारतीय न्याय संहितेचं ३०३. ते जंगम वस्तू ताब्यातून नेण्याबद्दल आहे. गोठ्यातला बैल नेला की गोठा रिकामा होतो. संहिता लेखकाकडेच राहते, बुडतं ते मानधन. तक्रारीत ‘नाटक चोरलं’ लिहिलं की ‘काय गेलं?’ इथंच गाडी अडते. त्यापेक्षा प्रयोगाची तारीख, गाव, हँडबिल, तिकीट आणि मूळ संहिता जोडा.

या भाषेचा मोठा फटका लेखकालाच बसतो. ‘नाटक विकलं’ म्हटलं की निर्मात्याला वाटतं, कायमचं आपलं झालं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचा कागद नसेल तर हक्क हस्तांतरितच होत नाही. कागदात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश नसेल तर अख्खा भारत. म्हणून कोणता हंगाम, किती प्रयोग, कोणते जिल्हे हे लिहा, आणि ‘फक्त रंगमंच, यूट्यूब नाही’ हेही.

उलट, तिकीट न लावणारं हौशी मंडळ किंवा लग्नाच्या वरातीतला बँड यांना कायद्यानेच सूट आहे. ‘चोरी’ म्हटलं की तेही घाबरतात. शिवाय चोरीचा माल काही वर्षांनी सगळ्यांचा होत नाही. लेखन होतं, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. १९९२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० होती. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेलं लेखन २०२९ च्या १ जानेवारीपासून खुलं.

तुम्ही म्हणता त्या संहितेचा कागद असेल तर आधी मुदतीची ओळ बघा. ती कोरी असेल आणि सहीला ५ वर्षं उलटली असतील, तर तक्रार करायचा हक्क लेखकाचा, कंपनीचा नाही.