आमच्या शेडचा टेस्टर रिकामा, खणही रिकामा

"एक शेड उजळ घ्या ना मॅडम, खुलून दिसेल." हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी त्या काउंटरवरच आवाज चढवणार आहे. मला खुलून दिसायचं नाहीये. उजळ तर मुळीच दिसायचं नाहीये. मला माझ्या मानेच्या रंगाचं फाउंडेशन हवंय, तेही रोख पैसे मोजून. आणि एवढं साधं मागणं पुरं होत नाही अशा देशात, जिथे बहुतेक माणसं गव्हाळ, सावळी नाहीतर काळी आहेत!

ठाण्यातल्या मॉलमध्ये मेकअपच्या काउंटरवर उभं राहा आणि टेस्टरच्या बाटल्या नीट बघा. फिकट शेडच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या. रंग जसजसा गडद होत जातो तसतशी बाटली रिकामी होत जाते. शेवटच्या दोन-तीन बाटल्यांचे पंप दाबून दाबून ढिले पडलेत, तोंडाशी सुकलेली खपली धरलीय, इअरबडने तळ खरवडला तरी काही लागत नाही. कोण वापरून बघतंय या शेड्स? आम्हीच ना? मग खाली खण उघडून विकायला काय काढतात? फिकट, फिकट, आणखी फिकट. "डार्कमध्ये माल येत नाही मॅडम, ती चालत नाही." चालत नाही म्हणजे काय? जी वस्तू दुकानात ठेवलीच नाही ती खपणार कुठून? शेंबडं पोरही सांगेल हे! आणि तोच ब्रँड परदेशातल्या वेबसाइटवर उघडा, पार कॉफीसारख्या रंगापर्यंत शेड्स आहेत. म्हणजे बनवता येतात. इथे पाठवायच्या नाहीत, एवढंच.

बरं, बनवायला तरी काय मोठी विद्या लागते? फाउंडेशनला रंग येतो तो मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीने आणि लोहाच्या ऑक्साइडच्या पिवळ्या, लाल, काळ्या पुडीने. गोऱ्या शेडमध्येही हेच आणि काळ्या शेडमध्येही हेच, फरक फक्त प्रमाणाचा. ते प्रमाण आमच्यासाठी बसवायचे कष्टच कुणी घेत नाही. फिकट शेडमध्येच थोडं काळं वाढवल्यासारखी शेड काढतात आणि वर 'डस्की'चं लेबल लावतात. आमच्या कातडीत पिवळसर, हिरवट, तांबूस किती छटा असतात! त्यांचा पत्ताच नाही. मग ते तोंडाला लावलं की चेहरा राखाडी पडतो. नाहीतर दुसरं टोक, भडक नारिंगी. मावसबहिणीच्या लग्नात मेकअपवालीने माझ्यावर असाच हात चालवला. फोटोत चेहरा पीठ फासल्यासारखा, कान आणि मान वेगळ्याच बाईची. ते फोटो अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर फिरलेत.

त्यात सल्ले देणाऱ्यांची भर. मनगटावरच्या नसा बघा म्हणे, हिरव्या दिसल्या तर कातडीची छटा वॉर्म, म्हणजे पिवळसर, निळ्या दिसल्या तर कूल, म्हणजे गुलाबीसर. अहो, माझ्या मनगटावर नसांचा रंग धड दिसतच नाही! हा सल्ला देताना सावळं मनगट कुणाच्या डोळ्यासमोरच नव्हतं. फोनवर शेड लावून बघायची सोय आहे म्हणतात, पण फोनचा कॅमेरा आधीच चेहरा गोरा करून दाखवतो, त्यावर कसली शेड जुळवणार? दुकानात हाताच्या पंजावर लावून दाखवतात. पंजा आणि चेहरा एका रंगाचे असतात का? माझं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद आहे, आपल्याकडे कितीतरी जणींचा असतो. दुकानातल्या त्या पांढऱ्याफटक दिव्यांखाली सगळंच जुळल्यासारखं दिसतं. बाहेर उन्हात आलं, चेहऱ्याला तेल सुटलं, अर्धा तास गेला, की रंग बदलतो. तोवर बिल झालेलं असतं. उघडलेली बाटली परत घेत नाहीत. हजार-बाराशे रुपये पाण्यात.

काउंटरवरच्या मुलीवर माझा राग नाही. परवा जी होती ती माझ्याच रंगाची होती. तिच्या जबड्याच्या कडेने फाउंडेशनची रेघ स्पष्ट दिसत होती. वर फिकट गुलाबी, खाली तिचा स्वतःचा छान सावळा गळा. तिला कंपनीने तीच शेड लावून दिवसभर उभं केलेलं. तिला टार्गेट आहे, तिला जे शिकवलं ते ती बोलते. शिकवणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

टाटांनी लॅक्मे सुरू केली १९५२ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ या देशात मेकअप बनतोय. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि रंग उजळण्याचं क्रीम गावोगावच्या किराणा दुकानापर्यंत पोचलं. तिथे माल पोचवायला कुणाला अडचण आली नाही. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या मेकअप ब्रँडने सुरुवातच फाउंडेशनच्या ४० शेड्सनी केली, तेव्हा कुठे बाकीच्यांना आपल्या यादीत गडद शेड्स वाढवायची जाग आली. इथल्या बायका त्याआधी काय मागतच नव्हत्या? माझी आई मागत होती. शेवटी तिने फाउंडेशनचा नादच सोडला आणि आयुष्यभर पावडर लावली, तीही पांढरी.

मी सध्या दोन बाटल्या घेते, एक पिवळट आणि एक जास्तच गडद, आणि रोज सकाळी तळहातावर थेंब थेंब मिसळते. ऑफिसची लोकल गाठायच्या घाईत एक थेंब इकडचा तिकडे झाला की पुसा आणि परत करा. गोऱ्या मैत्रिणीला एका बाटलीत जे मिळतं त्याला मला दुप्पट पैसे पडतात. का म्हणून?

शांपूची एक रुपयाची पुडी टपरीवर पोचते. मग फाउंडेशनच्या सगळ्या शेड्सच्या छोट्या पुड्या काढा. वीस रुपये लावा, मी देते. घरी नेऊन दिवसाच्या उजेडात, घाम येऊन गेल्यावर बघू द्या. आणि "मागवून देते मॅडम, नंबर लिहून ठेवा" असं म्हणता ना, तर मागवा! किती काउंटरच्या वह्यांत माझा नंबर आहे. आजवर एकाही ठिकाणाहून फोन आलेला नाही.