‘अग्निपूजक’ या शब्दाआड झाकलेला धर्म

दरवर्षी ऑगस्टच्या मध्यावर ‘पतेतीच्या शुभेच्छा’ देणारा एक संदेश मराठी घरांतल्या मोबाइलवर येऊन पोहोचतो. पारशी समाजाविषयी त्यात जिव्हाळा असतो, दानशूरपणाचे मनापासून कौतुक असते. धर्माविषयी मात्र त्यात पाच विधाने असतात: पारशी अग्निपूजक आहेत, ते चांगला आणि वाईट असे दोन देव मानतात, देहाला किंमत देत नसल्यामुळे प्रेत गिधाडांपुढे टाकतात, संजाणच्या राजापुढे दुधात साखर विरघळवल्याची त्यांच्या इतिहासात नोंद आहे, आणि हा धर्म आता मुंबईतल्या काही वसाहतींपुरता उरला आहे. कौतुकाच्या ओघात आलेली विधाने सहसा कोणी तपासत नाही, म्हणून ती येथे एकेक करून तपासतो.

पहिल्या विधानात सत्याचा अंश आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अग्नीला या धर्मात फार मोठे स्थान आहे. आतश बेहराम या सर्वोच्च श्रेणीच्या अग्नीची प्रतिष्ठापना करताना सोळा ठिकाणचा अग्नी गोळा करून तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला जातो, आणि त्यात वीज पडून पेटलेला अग्नीही लागतो. असे आठ अग्नी भारतात आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारीत एक आणि उदवाड्याला 1742 पासून असलेला इराणशाह. नववा इराणमधील यझ्द येथे आहे. आपल्या श्वासानेही अग्नी विटाळू नये म्हणून तोंडावर पदान, म्हणजे कापडी पट्टा, बांधलेला मोबेद, म्हणजे पुरोहित, दिवसाच्या पाचही प्रहरांत त्याला सुखड, म्हणजे चंदन, अर्पण करतो. तथापि, ज्या प्रार्थनेत अग्नीची स्तुती आहे, त्याच प्रार्थनेत त्याला ‘अहुर मज्दाचा पुत्र’ म्हटले आहे. वंदन अग्नीला आहे, पण उपास्य सर्वज्ञ असा निर्माता अहुर मज्दा आहे. कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र धागा, बांधताना पारशी व्यक्ती दिव्याकडे, सूर्याकडे किंवा अन्य प्रकाशाकडे तोंड करून उभी राहते. समोर अग्नी असलाच पाहिजे असे नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’ म्हणताना दीपज्योतीला नमस्कार केला जातो, पण तेवढ्यावरून त्या घराच्या धर्माला कोणी ‘दीपपूजा’ असे नाव देत नाही. हाच न्याय शेजाऱ्यालाही लावला पाहिजे.

दोन देवांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो मुंबई-पुण्यात प्रत्यक्ष लढला गेलेला आहे. धर्मसंस्थापक जरथुष्ट्राच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या गाथांची, म्हणजे प्राचीन स्तोत्रांची, सूक्ते सतरा आहेत आणि त्यांची भाषा ऋग्वेदाच्या संस्कृतला इतकी जवळची आहे की संस्कृतच्या अभ्यासकाला कित्येक शब्द ओळखीचे वाटतात. त्यांपैकी एका सूक्तात दोन जुळ्या प्रवृत्तींचे वर्णन आहे: विचार, उच्चार आणि आचार या तिन्हींत एक हितकर, दुसरी अहितकर, आणि सुज्ञांनी त्यांतून योग्य निवड केली. पुढे नवव्या शतकाच्या सुमारास पहलवी या जुन्या इराणी भाषेतील ग्रंथांत याला विश्वव्यापी संघर्षाचे रूप आले आणि अहुर मज्दासमोर अह्रिमन हा थेट विरोधक म्हणून उभा राहिला. याच आधारावर 1843 मध्ये मुंबईतील मिशनरी जॉन विल्सन यांनी पारशी धर्मावर द्वैतवादाचा आरोप ठेवला. त्यानंतर पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांनी 1862 मध्ये असे प्रतिपादन केले की गाथांतील ईश्वर एकच आहे आणि द्वैत हे त्यातील तात्त्विक विवेचन आहे. पारशी सुधारकांना हे मत आधारासारखे वाटले. हाउग यांचा अन्वयार्थ अभ्यासकांना सर्वस्वी मान्य नाही, आणि मलाही तो थोडा सोयीचा वाटतो, कारण उत्तरकालीन ग्रंथांतील द्वैत खरे आहे. परंतु त्या ग्रंथांतसुद्धा अह्रिमनची उपासना नाही. त्याचा अंतिम पराभव निश्चित आहे, आणि त्या लढ्यात माणसाने सामील व्हायचे आहे. ज्याला नाकारायचे, ज्याच्याशी झुंजायचे, त्याला ‘मानलेला देव’ म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

तिसऱ्या विधानात कारणच चुकले आहे. पृथ्वी, जल आणि अग्नी ही पवित्र निर्मिती असून शवाच्या संसर्गाने ती विटाळू नये, या विचारातून दोखमा, म्हणजे प्रेत उघड्यावर ठेवण्याची गोलाकार वास्तू, आला. देहाची अवहेलना त्यामागे नाही: मृत्यूनंतर तीन रात्री आत्म्यासाठी प्रार्थना चालतात आणि चौथ्या दिवशी पहाटे तो परलोकाकडे नेणारा चिनवत पूल ओलांडतो अशी श्रद्धा आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे जवळजवळ नष्ट झाली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर मुंबईत दोखमे असलेल्या मलबार हिलवरील डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले होते. काही कुटुंबे आता दहनाचा मार्ग स्वीकारतात, आणि त्यावरून समाजात मोठा वाद आहे.

दुधात साखरेची कथा गोड आहे, पण ती ज्यात असायला हवी, त्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात ती नाही. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी ते 1599 च्या सुमारास रचले, म्हणजे पारशी इराणहून भारतात आल्यानंतर किमान सहा शतकांनी. त्यात संजाणचा राजा जादी राणा पाच अटी घालतो: धर्म समजावून सांगा, येथील भाषा बोला, स्त्रियांनी येथला पोशाख घालावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने संध्याकाळी लावा. समकालीन लेखी पुरावा हवा असेल तर तो मुंबईतच आहे. कान्हेरीच्या लेण्यांत 1009 आणि 1021 या सालांतील पहलवी लेख असून, लेणी पाहायला आलेल्यांची नावे त्यांत कोरलेली आहेत.

पाचव्या विधानाला थोडक्यात उत्तर पुरेल. भारतातील पारशांची संख्या 2001 च्या जनगणनेत 69,601 होती, ती 2011 मध्ये 57,264 झाली. ही घट चिंताजनकच आहे. पण इराणमध्ये जरथुष्ट्री समाज आजही आहे आणि तेथील संसदेत त्याच्यासाठी एक जागा राखीव आहे.

राहिली ती शुभेच्छा. ‘पतेती’ हा शब्द ‘पतेत’ म्हणजे पश्चात्ताप यावरून आला आहे. तो वर्षाचा अखेरचा दिवस असून, त्याआधीच्या मुक्तादच्या दिवसांत पितरांचे स्मरण झालेले असते आणि पतेतीला सरलेल्या वर्षातील चुकांची कबुली द्यायची असते. शुभेच्छा दुसऱ्या दिवशी द्यावयाच्या, आणि त्या ‘नवरोज मुबारक’ म्हणून.