मुंबईत दोघांनी निवांत हिंडताना

सोलापूरकरांचे मुंबईला जाणे बहुतेक वेळा कामापुरतेच असते. कोणाचे ऑपरेशन, कोणाची मुलाखत, मंत्रालयात अडकलेला अर्ज, नात्यातले लग्न. काम उरकले की रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून परत. लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी मी आणि माझे यजमान कोणतेही काम नसताना मुंबईला कधी गेलो नव्हतो. गेल्या शनिवार-रविवारी तसे गेलो. दोन दिवसांत सारी मुंबई पाहण्याचा हट्ट सोडून द्यावा आणि स्टेशनाबाहेर पसरलेला फोर्टचा भाग पायी हिंडावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

निघण्यापूर्वी नातेवाइकांनी सिद्धिविनायकापासून जुहूच्या चौपाटीपर्यंत आणि नटांच्या बंगल्यांपासून मोठमोठ्या मॉलपर्यंत भलीमोठी यादी दिली होती. ती पुरी करायची तर आमचे बहुतेक तास टॅक्सीतच गेले असते. म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली.

खरे तर पाहण्यासारखे पहिले ठिकाण गाडीतून उतरल्यावर समोरच असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे, पण बॅग सांभाळत, टॅक्सीच्या घाईत. या वेळी आम्ही सामान हॉटेलात ठेवून परत आलो आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ती इमारत सावकाश पाहिली. १८७८ साली बांधकामाला सुरुवात होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा आहे. दगडात कोरलेले मोर, माकडे, पानाफुलांच्या वेली आणि फाटकाच्या खांबांवरचे सिंह व वाघ यांतले बरेचसे काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. रोज लाखो माणसे तिच्या कमानींखालून लोकल पकडायला धावतात. वारसा जपायचा म्हणजे कुलूप लावून ठेवायचा असे नाही, हे इथे पटते. आपल्या सोलापूर महापालिकेचे इंद्रभुवनही तसेच कोरीव आणि तसेच कामात असलेले आहे. पण पालिकेत कराच्या कामासाठी जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून पाहतात?

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने निघालो. या रस्त्याच्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानी आहेत आणि पादचाऱ्यांची वाट त्या कमानींच्या सावलीतून जाते. फेरीवाल्यांची दाटी आहे, पण ऊन डोक्यावर येत नाही आणि वाहनांच्या मध्येही उतरावे लागत नाही. आमच्यासारख्या भाजणाऱ्या उन्हाच्या गावातून आलेल्या माणसांना या सोयीचे मोल चटकन कळते. पुढे हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकापाशी थांबलो. १२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यासाठी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या गावच्या माणसाला अशा चौकातून नुसते पुढे जाता येत नाही. यजमानांनी हात जोडले, मीही जोडले.

दुपारी हॉर्निमन सर्कलची बाग आणि एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांवर कॉलेजची मुले, कचेरीतले लोक, आमच्यासारखी वयस्क जोडपी अशी सगळी बसलेली होती. संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलो. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या उंच गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीची गोलसर सज्जांची घरे आणि मध्ये क्रिकेट खेळणारी पोरे; या साऱ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तसेच पुढे मरीन ड्राइव्हला पोहोचलो आणि कठड्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

मला सर्वांत जास्त भावले ते हेच बसणे. पन्नाशी उलटलेले नवरा-बायको शेजारी शेजारी बसून बोलत आहेत, याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. तिकीट नव्हते आणि काही विकत घेण्याची सक्तीही नव्हती. एकत्र कुटुंबात संसार केलेल्या माझ्या पिढीतल्या बायकांना नवऱ्याशी मोकळेपणी बोलायला उघड्यावरची जागा फार थोडी मिळाली. आम्ही त्या कठड्यावर मुलांविषयी, निवृत्तीविषयी आणि जे घरात बोलायचे राहूनच जाते त्याविषयी बोललो.

मुंबईतले सगळेच मला आवडले असे मात्र नाही. रविवारी दादरला नातेवाइकांकडे जाऊन लोकलने परतलो. मी बायकांच्या डब्यात, यजमान जनरल डब्यात. या शहराच्या गर्दीचे ‘स्पिरिट’ म्हणून कौतुक करण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. दाराला लटकून कामावर जाणारी माणसे जिवावर उदार होतात ती नाइलाजाने, आणि त्या नाइलाजाचे गुणगान करणे म्हणजे सोय करण्याची जबाबदारी टाळणे होय.

आता माझ्या गावाविषयी. समुद्र सोलापूरला आणता येणार नाही, पण सिद्धेश्वर तलाव आहे, त्याला लागून भुईकोट किल्ला आहे, कंबर तलाव आहे. मुंबईच्या त्या भागाने दोन माणसांना दिवसभर सावलीतून चालता येईल आणि पैसे न मोजता बसता येईल अशी सलग वाट दिली. आपल्याकडे अशी ठिकाणे सुटी सुटी आहेत. एकापासून दुसऱ्याकडे पायी जायचे तर फुटपाथवर लावलेल्या गाड्या चुकवत रस्त्यावर उतरावे लागते. त्या चार हुतात्म्यांच्या चार पुतळ्यापासून किल्ल्यावरून तलावाच्या काठापर्यंतचा टापू फार मोठा नाही. तेवढ्या भागात मोकळा फुटपाथ, दुतर्फा कडुनिंब आणि पाठ टेकता येईल असे बाक एवढे झाले, तर संध्याकाळी बाहेर पडायला अनेक बायका तयार होतील. ज्यांच्या हाती हे करणे आहे, त्यांनी या मागणीचा विचार करावा, आणि आपण नागरिकांनी आपली गाडी फुटपाथवर लावणे आजपासून थांबवावे, ही विनंती.