गिनीपिगचा पेरू बंद करू नका

‘हिवाळ्यात गिनीपिग सांभाळण्याचे सोनेरी उपाय’ असा एक मेसेज डिसेंबरपासून फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, आणि तिथून सोलापुरातल्या विडी घरकुलात राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे पोचला. खाली सही ‘एक अनुभवी पशुतज्ज्ञ’. त्याखाली ‘मुक्या जिवांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा’. प्रेम काय, सगळ्यांचंच असतं. सगळ्यांनी पाठवला.

मेसेज थोडक्यात असा. गिनीपिग मूळचा थंड डोंगरातला, म्हणून त्याला बारा महिने बाहेरच ठेवावं, घरात आणला की आजारी पडतो. थंडीत पेरू, काकडी, ढोबळी मिरची, कोथिंबीर असलं ‘थंड’ काही देऊ नये, बाजरीची भाकरी, तीळ आणि गूळ द्यावा. पिंजरा चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद करावा, आत शंभरचा बल्ब लावावा आणि महाशिवरात्रीपर्यंत काही काढू नये. उबेसाठी सोबत ससा ठेवावा. शिंकायला लागला तर लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाजावं. आणि पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकावं, म्हणजे पाणी गोठत नाही.

मिठापासूनच सुरुवात करते, कारण तिथेच मेसेजचं पितळ उघडं पडतं. सोलापुरात पाणी गोठेल? इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते दिसलं तरी आपण धन्य होतो. बर्फ पडणाऱ्या कुठल्यातरी देशातला सल्ला उचलायचा, त्याला घरचा तीळगूळ चोळायचा आणि पाठवून द्यायचा, असा हा प्रकार आहे. खारट पाणी गिनीपिग पीत नाही, आणि पाणी कमी पोटात गेलं की चारा कमी खातो. मीठ टाकू नका, विषय संपला.

आता डोंगराचं. हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर भागातल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, आणि उकाड्यापेक्षा गारवा तो बरा सोसतो हेही खरं. पण ज्यांनी पाळला त्यांनी ठेवला कुठे? स्वयंपाकघरात! आजही तिकडच्या कित्येक खेड्यांत गिनीपिग चुलीच्या आसपास जमिनीवर हिंडतात, टरफलं-पाला खातात आणि राखेच्या उबेला बसतात. म्हणजे मूळ देशातला दाखलाच घ्यायचा तर तो घरात ठेवण्याचा आहे. रानातले त्याचे भाऊबंद बाहेर राहतात, पण त्यांना दाट गवत असतं, बिळं असतात. आपल्याकडे असतो गच्चीवरचा लोखंडी पिंजरा, त्याला जाळीचा तळ आणि खालून वारं.

यापुढचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तो माझ्या भाचीने खरा मानला.

भाची सहावीत आहे. नाताळच्या सुट्टीत तिने मेसेज वाचला आणि इमानदारीत भुरीचा, म्हणजे तिच्या गिनीपिगचा, पेरू बंद केला, कोथिंबीर बंद केली. तिच्या आजीलाही ते पटलं, कारण पेरू खाल्ला की सर्दी होते हे आपल्या घराघरांत ठरलेलंच आहे. भोगीच्या सुमारास मी गेले तर भुरी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. एरवी पिशवीची चुरचुर ऐकली की शिट्ट्या मारत जाळीला लागणारी ही पोरगी, तिने नुसती मान वळवली. उचलली तर किंचाळली. पुढच्या पायांचे सांधे बोटाला जाड लागत होते, केस राठ झाले होते. बहीण म्हणाली, “ताई, थंडी बाधली गं तिला. बल्ब अजून जवळ घेऊ का?”

थंडी बाधली नव्हती. डॉक्टरांनी सांधे चाचपले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, “हिरवं कधीपासून बंद आहे?” स्कर्व्ही. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा तोच रोग, आणि कारणही तेच, क जीवनसत्त्व नाही. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्याच शरीरात तयार करतात. कुत्रा करतो, मांजर करतं, ससा करतो. गिनीपिगला ते जमत नाही, आणि माणसालाही नाही. त्याला ते रोज तोंडावाटेच मिळावं लागतं, आणि बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत शरीर बोलायला लागतं: सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, हलायला नको वाटतं, जखमा भरत नाहीत. प्रतिकारशक्ती गेली की मग न्यूमोनियाला दार उघडंच.

यातली गोम लक्षात घ्या. स्कर्व्ही झालेला गिनीपिग आखडून बसतो. बघणाऱ्याला वाटतं गारठला. मग बल्ब जवळ येतो, गूळ वाढतो, उरलंसुरलं हिरवं पानही बंद होतं. मेसेजच रोग लावतो आणि रोग दिसला की मेसेजच खरा वाटतो.

हे मी डॉक्टरांच्या एका वाक्यावर सांगत नाही. १९०७ साली आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शोधत होते ते बेरीबेरी या वेगळ्याच रोगाचं कारण. त्यासाठी त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव यांवर ठेवलं. जनावरांना बेरीबेरी झालाच नाही, झाली ती हुबेहूब माणसासारखी स्कर्व्ही. ताजा कोबी, लिंबाचा रस असलं काही दिलं की ती टळायची. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट या प्रयोगाने मोकळी केली. आता मेसेजमधला आहार पुन्हा वाचा: बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, हिरवं काही नाही. प्रयोगशाळेत स्कर्व्ही आणायला जे केलं, तेच हा ‘अनुभवी पशुतज्ज्ञ’ प्रेमापोटी करायला सांगतोय. भोगीचा स्वयंपाक तुम्ही खा, बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खा, गिनीपिगला तो नको. पिठाने आणि गोडाने त्याच्या पोटात गॅस धरतो, आणि त्याला ओकून मोकळंही होता येत नाही.

पेरू थंडीत द्यायचाच. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. मोठ्या गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला आणखी जास्त. म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी फोड पुरे. जास्त नको, साखर असते. ढोबळी मिरचीची चकती आणि कोथिंबिरीच्या चार काड्या रोज चालतात. काकडीपुरतं मेसेजचं ऐकलं तरी बिघडत नाही, तिच्यात पाणीच जास्त. पाण्याच्या बाटलीत व्हिटॅमिनचे थेंब टाकून निश्चिंत होऊ नका, पाण्यात ते टिकत नाही. आणि सशाचं खाद्य गिनीपिगला चालवून घेऊ नका, सशाला गरज नसल्यामुळे त्यात क जीवनसत्त्व घातलेलंच नसतं.

उष्ण पदार्थच हवेत असा हट्ट असेल तर गिनीपिगच्या अंगात ऊब कुठून येते ते बघा. चारा त्याच्या आतड्यातल्या एका मोठ्या पिशवीत आंबतो आणि त्यातून ऊब निघते. थंडीत वाळलेलं गवत दुप्पट टाका, ते खायलाही होतं आणि पांघरायलाही. नुसत्या कडब्याच्या जाड ताटांवर भागत नाही. कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच. ती खाऊन गुरं दगावतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

आता प्लास्टिक आणि बल्ब. ‘मर्क’ नावाची पशुवैद्यकांची जुनी, जगभर वापरातली संदर्भपुस्तिका आहे. ती गिनीपिगसाठी योग्य तापमान १८ ते २६ अंश सेल्सिअस सांगते. सोलापूरचा जानेवारी या आकड्यांशेजारी ठेवून बघा. पहाटे पारा पंधराच्या आसपास, लाट आली तर त्याहून खाली. दुपारी तीस. म्हणजे एकाच दिवसात आपण खालची हद्दही ओलांडतो आणि वरचीही. म्हणून रात्री आडोसा हवा, हे शंभर टक्के खरं, आणि पिल्लं, म्हातारी, आजारी असतील तर रात्री पिंजरा घरातच घ्यावा. पण महाशिवरात्रीपर्यंत प्लास्टिक काढायचंच नाही म्हणजे काय? दुपारी एक वाजता पत्र्याखाली प्लास्टिकने शिवलेला पिंजरा, आत शंभरचा बल्ब. तिथे पाच मिनिटं हात घालून बसा. गिनीपिगला आपल्यासारखा घाम येत नाही. तो थंडीपेक्षा उष्माघाताने लवकर जातो, आणि बोंब होते ‘गारठून गेला’ अशी.

शिवाय मूत. बंद पिंजऱ्यात त्याचा अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिका सोलवटते आणि शिंका सुरू होतात. बल्बची वायर कुरतडणार ती वेगळीच, त्याचे दात जन्मभर वाढतात, दिसेल ते कुरतडणं हा त्याचा धर्म. वायर, सुकं गवत आणि तापलेला बल्ब एका खोक्यात कोंबायला सांगणाऱ्याला निदान आग तरी आठवायला हवी होती.

आडोसा कसा, तर असा. पिंजऱ्याची पाठ भिंतीला, खाली विटा, तीन बाजूंना गोणपाट. समोरची बाजू रात्री अर्धी झाकायची आणि सकाळी सात-आठला सगळं वर करायचं. आत पुठ्ठ्याचा किंवा लाकडी खोका, दोन भोकांचा, म्हणजे एक जण दाराशी अडून बसला तरी दुसरा बाहेर पडू शकतो. खोक्यात वीतभर सुकं गवत, ओलं झालेलं रोज काढायचं. फारच गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली जुन्या कापडात गुंडाळून खोक्याच्या एका टोकाला. सोलापुरी चादर वरून टाकायला उत्तम, आत मात्र नको, तिचे धागे ते खातात. आणि आपल्याकडे सेकंडचे टॉवेल स्वस्त मिळतात म्हणून ते आत अंथरले जातात, तेही टाळा. भुरीची नखी एकदा टॉवेलच्या फाशात अडकली होती. ती ओढत राहिली, आणि नखी मुळापासून रक्ताळली. जाळी मजबूत हवी. रात्री मांजर, घूस, मुंगूस कुणीही येतं, आणि थंडीने नाही तरी त्यांच्या भीतीने हे जीव अर्धमेले होतात. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाच्या रात्री होम मैदानाच्या जवळपास राहणाऱ्यांनी पिंजरा आत घ्यावा, थंडी असो वा नसो.

सशाबद्दल फार लिहीत नाही. सोबत हवी हे खरं. गिनीपिग एकटा ठेवू नये, स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमांत तसं बंधनच घातलं. पण सोबत गिनीपिगचीच. सशाच्या एका लाथेत त्याचं हाड मोडतं, आणि सशाच्या श्वासात बोर्डेटेला नावाचा जंतू असू शकतो, सशाला काही होत नाही आणि गिनीपिगला न्यूमोनिया होतो. नर-मादी एकत्र ठेवलेत तर साधारण दोन महिन्यांत पिल्लं हातात, तो हिशोब आधी करा.

शेवटचा मुद्दा सिरपचा. बहिणीच्या फ्रिजच्या दारात धाकट्याच्या खोकल्याच्या वेळची अर्धी बाटली होती, आणि ती वापरायची तयारी झाली होती. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही औषधं गिनीपिगला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले चारा पचवणारे उपयोगी जंतू मरतात, त्यांच्या जागी विषारी जंतू माजतात, जुलाब लागतात आणि काही दिवसांत जनावर जातं. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून याला चालत नाही. शिंका, नाकातून पाणी, श्वासाला घरघर, किंवा दिवसभर चाऱ्याला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तिथे गेल्यावर ‘पेनिसिलिनच्या जातीचं औषध नको ना?’ एवढं आपण होऊन विचारा. गाई-म्हशी आणि कुत्री बघण्यात गुंतलेल्या डॉक्टरांपुढे गिनीपिग क्वचितच येतो. भुरीच्या डॉक्टरांना मी विचारलं तर ते रागावले नाहीत, उलट चिठ्ठीवर लाल पेनाने तसं लिहून दिलं.