तसले पेशंट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. एचआयव्हीच्या गोळ्या, समुपदेशन, गुप्तरोगांची तपासणी हे सगळं गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावं का? माझा चुलतभाऊ सांगली जिल्ह्यात राहतो, निवडणुका लढवतो आणि हरतो. त्यानं लिहिलं, "ताप-खोकल्याच्या रांगेत तसले पेशंट कशाला? लोक दवाखान्यात यायचे बंद होतील."

'तसले' वाचलं आणि माझं डोकं सटकलं.

मी लंडनहून त्याला फैलावर घेतलं. इथं एप्रिल २०२२ पासून इमर्जन्सीत रक्त काढलं की एचआयव्हीची चाचणीही होते, आपण नको म्हटलं तरच टळते. पाय मोडलेला येवो नाहीतर छातीत कळ आलेला, सगळ्यांना एकच नियम. कुणी नाक मुरडत नाही. आणि तुम्ही अजून पाट्या वेगळ्या नि दारं वेगळी करत बसलाय! न्यू जर्सी आणि मेलबर्नहून अंगठे आले. गावाकडून एकही नाही.

ताईनं ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. ताई म्हणजे माझी थोरली आतेबहीण, वीस वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशक. रात्री तिचा वेगळा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या.

"भाषण झकास झालं रे. आता ऐक. गरोदर बाईची चाचणी आरोग्य केंद्रात होतेच, कधीची. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ज्याचं सुरळीत चाललंय त्याला ती गावात मिळाली तर माझी ना नाही. एसटीचं भाडं वाचेल, मजुरी बुडणार नाही, डोस चुकणार नाहीत. पण काउंटरवर कोण बसतं? कुणाची तरी मेव्हणी, कुणाच्या तरी भावकीतली सून. तासगावचा एक माणूस माझ्या माहितीत आहे. सांगलीत औषध फुकट असताना साताऱ्याला जातो. परत येताना डबीवरचं लेबल खरवडून काढतो, आत कापूस कोंबतो. एसटीत गोळ्या वाजू नयेत म्हणून. २०१७ चा कायदा आहे, नाव फोडता येत नाही. ते त्या मेव्हणीला कोण सांगणार? तिला आधी शिकवा, मग एकत्र करा." मग थोडं थांबून, "तुमच्याकडे जीपी, म्हणजे तुमचा फॅमिली डॉक्टर, देतो का रे या गोळ्या?"

नाही देत.

हे मी ग्रुपवर सोयीस्करपणे गाळलं होतं. इथंही एचआयव्हीचे उपचार जीपीकडे नाहीत, हॉस्पिटलच्या वेगळ्या क्लिनिकमध्ये होतात. प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, तेसुद्धा मुख्यतः सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्येच. ती क्लिनिकं २०१३ पासून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या खात्यावर, एचआयव्हीचे उपचार एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या. नाव गुप्त ठेवून फुकट तपासणारे दवाखाने या देशानं १९१६ च्या नियमांनी, ऐन महायुद्धात काढले, ते वेगळेच. क्लिनिकची नोंद आपण हो म्हटल्याशिवाय सहसा जीपीकडे जात नाही. ज्या वेगळ्या दारावर मी भावाला झापत होतो, ते इथं शंभर वर्षांहून जुनं आहे.

आणि त्या दारातून मी गेलोय. घटस्फोटानंतर, नवं काही सुरू होण्याआधी तपासून घ्यावं म्हणून. जीपीकडे विचारता आलं असतं, त्याचा दवाखाना घरापासून सात मिनिटांवर. पण तिथं रिसेप्शनवर मराठी मंडळातल्या एक वहिनी बसतात. म्हणून हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं बेकर स्ट्रीट, पुढे आणखी एक गाडी. वेटिंग रूममध्ये नावानं नाही, नंबरानं हाक मारत होते. माझा एकतीस. शेजारचा तरुण निवांत सँडविच खात होता, मी मात्र टोपी डोळ्यांवर ओढून बसलो होतो. सगळा रिपोर्ट चांगला आला, तरी आलेला मेसेज मी लगेच पुसला.

गाव सोडून एकोणीस वर्षं झाली. चारचौघांत सांगतो, मला आता कुणाची पर्वा नाही. पण मेव्हणीची भीती तासगावहून साताऱ्याला जाते तशीच हॅरोहून बेकर स्ट्रीटला जाते, आणि तिला प्रवासाचं ऑइस्टर कार्डही लागत नाही.

ताईला उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी एवढंच पाठवलं, "जीपी नाही देत. उद्या फोन करतो."

शनिवारी मंडळाचा गणपती आहे. मोदक वाढायला वहिनीच असतात. दरवर्षी विचारतात, "भाऊजी, तब्येत बरी ना?"