भांडण तर आधीच मिटलं होतं

"बर्लिन-बगदाद रेल्वेमुळेच पहिलं महायुद्ध पेटलं" हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. (ही रेल्वे म्हणजे जर्मनांनी तुर्की साम्राज्यातून बगदादकडे न्यायला घेतलेली लाइन.) अहो, १९१४ च्या जूनमध्ये, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या (युद्धाची ठिणगी तीच) त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, या लाइनवर इंग्लंड-जर्मनीचा मसुदा ठरला होता की! लाइन इराकातल्या बसऱ्यापर्यंतच, पुढे इराणच्या आखातापर्यंत न्यायची तर इंग्रजांना विचारून. रशियाशी तर जर्मनीने १९११ मध्येच जमवून घेतलेलं. आणि इंग्रजांनी खरा डाव त्याही आधी टाकलेला, १८९९ ला कुवेतच्या शेख मुबारकला १५ हजार रुपये (हो, हिंदुस्थानी रुपयेच!) देऊन लिहून घेतलं की आम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही जमीन द्यायची नाही, म्हणजे आखातावर लाइनचं शेवटचं स्टेशन जिथे व्हायचं ती जागाच खिशात घातली.

बाकी लेख झकास, पण एक गोष्ट राहिलीच. १९१६ ला इराकातल्या कुतमध्ये इंग्रजांची जी फौज तुर्कांना शरण गेली तिच्यात मराठा पलटणींचे जवानही होते, आणि तिथल्या कितीतरी हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेऊन सीरियातल्या रास अल-ऐनला याच रेल्वेच्या कामावर जुंपलं. कैसर (जर्मन सम्राट) आणि तुर्की सुलतानाचे फोटो सगळेच टाकतात हो, या लोकांवर दोन ओळी तरी हव्या होत्या.