अरिकमेडूची खापरे आणि व्हीलर यांचे खरे काम

पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या प्राचीन बंदराविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरत असतो. ब्रिगेडियर मॉर्टिमर व्हीलर या लष्करी अधिकाऱ्याला १९४५ साली हे स्थळ सापडले, तेथील उत्तम प्रतीची सारी भांडी इटलीहून आली होती आणि त्यामुळे हे बंदर रोमन लोकांनीच वसवले हे सिद्ध झाले, असे त्यात सांगितलेले असते. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. शिवाय व्हीलर यांचे जे काम खरोखर मोलाचे आहे, तेच या मजकुरात हरवून जाते.

अरिकमेडूच्या शोधाचे श्रेय व्हीलर यांचे नाही. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते, आणि तेथील फ्रेंच अभ्यासक जूव्हो-दुब्रय यांनी १९३७ मध्येच रोमन सम्राट ऑगस्टसचा चेहरा कोरलेला एक मणी ओळखून या जागेचे महत्त्व दाखवून दिले होते. त्यानंतर फ्रेंचांनी तेथे काही उत्खननही केले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून १९४४ मध्ये आलेल्या व्हीलर यांनी त्याच जागेवरच्या अँफोऱ्याचा, म्हणजे दोन कानांच्या मद्यकुंभाचा, तुकडा मद्रासच्या संग्रहालयात पाहिला आणि तो काय आहे हे त्यांनी तत्काळ जाणले.

ते जाणू शकले याचे कारण ‘लष्करी अधिकारी’ या वर्णनात सापडणार नाही. व्हीलर रोमन मृत्पात्रांचे अभ्यासक होते. १९१३ मध्ये त्यांना एक अभ्यासवृत्ती मिळाली, आणि तिचा विषयच ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील रोमन भांडी हा होता. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात गेल्याने हे काम खंडित झाले. पुढे वेल्समधील रोमन किल्ले आणि पत्नी टेसा यांच्यासह व्हेरुलेमियम हे रोमन नगर त्यांनी उकलले. अशा ठिकाणी भांड्याच्या एखाद्या काठाच्या वळणावरून किंवा तळाच्या ठशावरून, ते ज्या मातीच्या थरात सापडले त्या थराचा काळ ठरवावा लागतो. आपल्याकडचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया लंडनमध्ये शिकत असताना याच व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या इंग्लंडमधील प्राचीन गडाच्या उत्खननात राबले होते.

१९४५ मध्ये व्हीलर यांनी अरिकमेडूत उत्खनन केले, तेव्हा ही नजर नेमकी उपयोगी पडली. इटलीतील अरेत्झो येथे तयार होणारी तांबडी, चकचकीत ‘अरेटाइन’ भांडी त्यांना मोजकीच मिळाली, परंतु त्यांपैकी काहींवर कुंभारांचे ठसे होते. या भांड्यांचा काळ जर्मनीतील रोमन छावण्यांच्या आधारे बराच नेमका ठरलेला आहे, कारण त्या छावण्या केव्हा उभ्या राहिल्या आणि केव्हा सोडल्या गेल्या हे इतिहासातून कळते. म्हणून ती ज्या थरात सापडली तो थर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, असे व्हीलर म्हणू शकले. दक्षिण भारतातील थरांच्या कालगणनेला यातून एक पक्का आधार मिळाला, आणि माझ्या मते अरिकमेडूतील त्यांची खरी कामगिरी हीच.

बंदर रोमन लोकांनी वसवले हे मात्र या पुराव्यातून निघत नाही. व्हीलर यांच्या १९४६ च्या अहवालाच्या शीर्षकातही ‘भारतीय-रोमन व्यापारी ठाणे’ असे शब्द आहेत. पुढे १९४७ ते १९५० या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ कासाल यांनी आणि १९८९ ते १९९२ मध्ये पुरातत्त्वज्ञ विमला बेगली यांनी केलेल्या उत्खननांतून अरेटाइन भांडी येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे वस्ती होती हे स्पष्ट झाले. परदेशी माल आधीच नांदत्या गावात आला होता.

राहिला प्रश्न ‘साऱ्या भांड्यांचा’. तळाशी बारीक टिंबांची वर्तुळे असलेल्या ‘रूलेटेड’ थाळ्यांचे तंत्र भूमध्य प्रदेशातून आले असे व्हीलर मानत होते, आणि येथे त्यांची चूक झाली हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. या थाळ्या भारतीयच आहेत, आणि त्यांची सुरुवातही अरेटाइनच्या आधीची आहे, असे बेगली यांनी दाखवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे मातीतील खनिजे क्ष-किरणांनी ओळखण्याच्या पद्धतीने, या थाळ्यांच्या मातीची तपासणी केली, तेव्हा तिचा संबंध बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक परिसराशी जुळला. याच प्रकारच्या थाळ्या इंडोनेशियातील बालीपर्यंत पोहोचल्या होत्या. या चुकीचा परिणाम अरिकमेडूपुरता राहिला नाही, कारण १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरीचे थर लावताना व्हीलर यांनी याच थाळ्यांचा काळ आधार म्हणून वापरला होता, आणि त्यामुळे तेथील तारखा पुढे नव्याने तपासाव्या लागल्या. अरेटाइनवरून काढलेला काळ अजूनही ग्राह्य आहे. पण नेवाशासारख्या ठिकाणी रूलेटेड थाळीचा तुकडा मिळाला, तर केवळ तेवढ्यावरून तेथे रोमन माल आला होता असे आता म्हणता येत नाही.